आई तिची झाली तेव्हा

आई गेल्यावर तिच्या आजारपणाचं सामान माझ्याच्यानं टाकवेना. एक्स-रेच्या फिल्म, गोळ्यांच्या रिकाम्या चंदेरी पट्ट्या, न वापरलेल्या सलाइनच्या नळ्या. तिच्या जांभळ्या साडीवर मी ते सगळं शिवायला घेतलं. फिल्ममधून सुई जाईना, मग दाभणाने भोकं पाडून धावदोरा घातला.

डोंबिवलीतल्या आमच्या वन रूम किचनमध्ये ते पसरायलाही जागा नव्हती. कापडातून कलाकृती करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा ठाण्यात कोलशेतला गाळा होता. "अगं, इथे ये ना," ती म्हणाली. वर्षभर तिथेच शिवलं. शिवताना मी आईबद्दल बोलायचे. मैत्रिणीइतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं.

ठाण्यात तिचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा तिने माझी साडीही लावायला मागितली. मी बाबांना घेऊन गेलेले.

साडी अगदी समोरच टांगलेली. खालच्या पाटीवर मैत्रिणीचं एकटीचं नाव. आणि जमलेल्या लोकांना ती सांगत होती, "माझी आई शेवटी गोळ्या पदराला बांधून ठेवायची. घेतल्या म्हणायची."

ही माझ्या आईची गोष्ट होती. मी फक्त तिलाच सांगितलेली. बाबांनाही नाही.

बाबा पुढे झाले. "अगं पोरी, ही तर आमच्या हिची साडी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता खरं सांगेल. ती लोकांकडे वळून हसली. "काकांचं वय झालंय. होतो कधीकधी गोंधळ."

मी खुर्ची ओढली, वर चढले आणि साडी उतरवायला लागले. ती जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "सगळ्यांसमोर काय करतेस? मी नंतर बोलणारच होते. लोकांना गोष्ट लागते अगं."

"मग तुझ्या आईची सांग," मी म्हटलं.

कुणी अडवलं नाही, मदतही केली नाही. बाबांनीच खालून टोक धरलं.

स्टेशनकडे जाताना रिक्षा खोपटच्या सिग्नलला अडकली. बाबांनी विचारलं, "ती गोळ्या घेत नव्हती?"

"शेवटी शेवटी."

"मी रोज हातावर ठेवायचो तिच्या."

मैत्रिणीचा एकच मेसेज आला, आठवड्याने. 'काकांना माझ्याकडून सॉरी सांग.' मी नाही सांगितलं.