गायकवाडचं घड्याळ चुकावं म्हणून

रसायनीतली दोन रिटायर माणसं मोहोपाड्याच्या बाजारात भेटली की आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग मुलांची. आम्ही इन्स्ट्रुमेंट खात्यातले भेटलो की गुडघे राहतात बाजूला आणि चहा यायच्या आत विषय घड्याळांवर येतो. किस्से इतके साठलेत की कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा, यावरूनच भांडण लागतं. सगळे ऐंशी सालाच्या आगेमागे घडलेले, आणि प्रत्येकात मी गायकवाडवर जळतोय, एवढं नक्की!

रमेश गायकवाड कशेळ्याकडचा. माझ्यासारखाच मेकॅनिक आणि कॉलनीत भिंतीला भिंत लागून शेजारी. माणूस इतका चांगला, की जळणाऱ्याची पंचाईत व्हावी.

*

सुरुवात झाली भंगारातून. कंपनीनं आकडे मोजणारे जुने काउंटर मोडीत काढले, त्यांत निक्सी ट्यूब होत्या. छोटीशी काचेची बाटली, आत तारेचे शून्य ते नऊ आकडे एकामागे एक उभे. ज्याला वीज मिळेल तो नारिंगी पेटणार. साहेब म्हणाले, "हव्या त्यांनी घरी न्या." मी, गायकवाड आणि आमचा तिसरा भिडू म्हात्रे, तिघांनी घड्याळ करायचं ठरवलं.

या जुन्या ट्यूबमध्ये एखाददुसरा आकडा मेलेला असायचा. मग जेवणाच्या सुट्टीत सौदे सुरू. "माजा सात गेलाय, पन तीन बघ कसा ठणठणीत हाय!" मिनिटांच्या डावीकडच्या घरात पाचाच्या पुढे काही लागतच नाही, तिथे वरचे आकडे मेलेली ट्यूबही खपायची. पण उजवीकडच्या घरांना दहाही आकडे जिवंत हवेत.

गायकवाडनं न बघता खोक्यात हात घातला आणि दोन ट्यूब उचलल्या. दोन्ही सगळ्या आकड्यांच्या! मी अर्धा तास निवडून घेतली, तिच्यात आठ मेलेला निघाला. त्याच दिवशी मी मनात म्हटलं, याचं घड्याळ एकदा तरी चुकलं पाहिजे. मला बाकी काही नको.

*

माझी आठ मेलेली ट्यूब तासांच्या घरात बसली. म्हणजे सकाळी सात एकोणसाठपर्यंत सगळं झकास, आणि मग तासाभरासाठी तिथे नुसता काळोख.

आमच्या सौभाग्यवती, शालिनीबाई, आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायच्या, "आमच्याकडे आठ वाजतच नाहीत. सातनंतर थेट नऊ!"

म्हात्रे लगेच म्हणाला, "मग मी आटला जेवायला येतो वैनी. आल्याचं कोनाला कलनार नाय!"

*

म्हात्रेचं घड्याळ बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. या ट्यूबना चांगला दीडशेच्या वर व्होल्ट लागतो, आणि म्हात्रेची एक तार आतून डब्याला टेकलेली. सासूबाई पाहुण्या आल्या होत्या. जावयाची कला जवळून बघावी म्हणून त्यांनी प्रेमानं डब्यावरून हात फिरवला.

आम्ही घाबरून विचारायला गेलो. बाई सुखरूप होत्या, ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. म्हात्रे हळूच म्हणाला, "सासू पयल्यांदा माज्याशी आदरानं बोलली रं!"

*

गायकवाडचं घड्याळ सागवानी पेटीत. कशेळ्याच्या सुतारानं ओळखीत करून दिलेली, पुढे पिवळसर काच. बैठकीत बुद्धाच्या तसबिरीखाली ते ठेवलं होतं, आणि संध्याकाळी त्या आकड्यांचा उजेड तसबिरीवर पडायचा. एवढं सुंदर दिसायचं की माझा जीव खालीवर व्हायचा.

शालिनी वेळ बघायला तिकडे, गायकवाडच्या बायकोकडे, कुसुमकडे जायची. हो, शेजारी! निमित्त कधी विरजणाचं, कधी कोथिंबिरीचं. मी एकदा चिडून म्हटलं, "घरात घड्याळ आहे ना?"

"आहे की," ती म्हणाली. "पण त्यांचं बघून आलं की आपलं मीटरचा डबा वाटतो."

दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, हे जास्त लागलं!

*

आमची ही घड्याळं विजेच्या ठोक्यांवर चालायची. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास ठोके देते. घड्याळ पन्नास मोजतं आणि एक सेकंद पुढे सरकतं. पण उन्हाळ्यात लोड वाढला की वीज मंदावायची, ठोके कमी पडायचे आणि घड्याळ मागे पडायचं.

एका एप्रिलात मी आणि म्हात्रे दोघेही फर्स्ट शिफ्टला सारखेच उशिरा पोचलो. गेटवरचा टाइमकीपर म्हणाला, "काय रं, दोघांची म्हातारी एकदमच आजारी पडली का?"

मी मात्र खुशीत! तीच वीज गायकवाडच्या घरात, म्हणजे आज तोही उशिरा येणार. एकदाचं चुकलं! आत जाऊन बघतो तर गायकवाड अर्धा चहा संपवून बसलेला.

"तुमी रोज सकाळी रेडिओच्या टुकटुकीला मिळवत नाय का?" त्यानं विचारलं. अगदी काळजीनं विचारलं हो! आणि उरलेला चहा माझ्यासमोर सरकवला. मी तो प्यायलो, पण कडू लागला.

*

मग साहेबांना घड्याळ हवंसं वाटलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, काम थेट गायकवाडकडे. त्यानं बंगल्यावर तशीच दुसरी पेटी लावून दिली. मॅडमना फार आवडली, फक्त आकडे पडद्यांना मॅच होईनात. त्यांनी विचारलं, "यात हिरवा नाही का मिळणार?"

गायकवाड नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आत निऑन गॅस हाय. तो कुनाचंच ऐकत नाय. पडदे बदला."

आणि मॅडमनी खरोखर पडदे बदलले! वर साहेबांनी आपल्या कोणा दोस्ताला सांगून गायकवाडला सौदीच्या नोकरीचं जमवून दिलं. दोन वर्षांचा करार. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. शालिनीनं विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, ॲसिडिटी.

*

गायकवाडनं घड्याळ बरोबर नेलं. पेटी इथेच ठेवली आणि नुसता तारा-ट्यूबांचा सांगाडा टॉवेलात गुंडाळला. विमानतळावर तो टॉवेल उघडल्यावर काय गोंधळ झाला असेल ते सांगायला नको. तपासणीचे साहेबलोक लांब उभे राहून म्हणाले, "चालू करून दाखव."

यानं प्लग लावला. आकडे पेटले. तर मघाचे लांब उभे राहणारेच पुढे सरकले, आणि आणखी चौघांना बोलावून आणलं. "परत बंद करून चालू कर" म्हणे! हा विमानात कसाबसा पळत चढला.

म्हात्रे आजही सांगतो, "घड्याल काखेत आन इमानाला उशीर!"

*

दोन वर्षांनी करार संपवून गायकवाड परत आला. अंगानं भरलेला, मनगटावर चकचकीत घड्याळ, माझ्यासाठी सेंटची बाटली. आमच्या ओट्यावर बसलो. बाटलीकडे बघत मी विचारलं, "आणि आपलं निक्सी?"

"ते चुकतं रं तिकडं," तो म्हणाला. "लई पुढं पळतं."

काय सांगू, दिवाळी झाली माझी! तिकडची लाइन साठ ठोक्यांची. घड्याळ बिचारं पन्नास मोजून सेकंद सरकवणार. म्हणजे खरे वीस तास झाले की याचे चोवीस पुरे! इतक्या वर्षांनी गायकवाड चुकला, आणि तेही असल्या पोरकट गोष्टीत. मी ऐटीत म्हटलं, "अरे, पन्नासाऐवजी साठ मोजायला लावायचं. दोन तारांचं काम. सुचलं नाही तुला?"

"सुचलं की. पयल्याच दिवशी."

"मग?"

"नाय केलं."

तो ओट्याच्या फरशीवर बोटानं रेघ ओढत होता.

"त्यात एक दीस पुरा झाला की मी कॅलेंडरचं पान फाडायचो. खोलीतले बाकीचे हसायचे. पन माजं पान त्यांच्या आदी फाटायचं. मागल्या पावसाळ्यातच माजी दोन वर्सं भरली बघ."

"अरे, पण करार तर आत्ता संपला."

"हां."

"मग भरली त्या दिवशी काय केलंस?"

"काय करनार! बॅग भरली. दाढी केली. घड्याळाचा प्लग काढला. कुसुमनं दिलेला शर्ट घालून बॅगेवर बसलो."

"आणि?"

"आनि काय. खाली साईटवर कामाला न्यायची रोजची बस आली. हॉर्न वाजवला तिनं."