रंगाखालची चीर

शेतीच्या यंत्रांना रंग देणारी ती बाई आसपासच्या भागात पेंटरबाई म्हणूनच ओळखली जायची. लग्नाआधी मामाच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवायची. लग्न झालं वेल्डरशी. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये नांगर, पेरणीयंत्रं, ट्रॉल्या दुरुस्तीला यायच्या आणि जोडाच्या काळ्या डागांसकट परत जायच्या. "घट्ट बसलंय ना? मग झालं," असं त्याचं म्हणणं. तिला ते बघवेना. एक दिवस तिने बाह्या सरसावून स्प्रे गन हातात घेतली, आणि बघता बघता लोक वेल्डिंगपेक्षा रंगासाठीच जास्त यायला लागले.

हात मोठा साफ, पण स्वभाव काळजीखोर. कुलूप लावलं तरी ओढून बघणार, चार पावलं जाऊन पुन्हा मागे येणार. "हिला काळजी करायला काही नसलं, की त्याचीच काळजी लागते," असं वेल्डर गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि तीही हसायची.

पावडर कोटिंगचं काम आलं की मात्र तिच्या कपाळाला आठ्या पडत. कारखान्याच्या भट्टीत भाजून बसवलेला तो थर लोखंडाला कातडीसारखा चिकटलेला असतो. काढायचा म्हटलं तर रिमूव्हर लावा, फुगू द्या, खरवडा, पुन्हा लावा. हात चुरचुरतात, वासाने डोकं भणभणतं. न काढता वरूनच रंगवायचं तर पॉलिश पेपरने घासून त्याची चमक मारावी लागते, नाहीतर नवा रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो.

तिच्या थोरल्या भावाने, दादाने, एक जुनी ट्रॉली विकत घेतली आणि सरळ शेडमध्ये आणून उभी केली.

"चिमे, ऊन खाऊन पांढरी पडलीय बघ. लाल रंग मारून दे. आणि खरवडत बसू नकोस हां, मला बटाटे भरायचेत."

"दादा, जोडापाशी तरी कोटिंग काढते ना."

"अगं, ट्रॉलीला नवरदेव बघायला येणार नाहीत. वरूनच मार."

वेल्डर त्या दिवशी बाहेर फाटक बसवायला गेला होता. तिने ट्रॉली घासायला घेतली. ट्रॅक्टरला जोडणारा पुढचा लोखंडी दांडा जिथे ट्रॉलीच्या सांगाड्याला मिळतो, तिथे केसासारखी एक रेघ दिसली. रेघेच्या कडेला तपकिरी ओल होती. तिने थिनरच्या फडक्याने पुसली. जरा वेळाने बघते तर पुन्हा तपकिरी. ओरखडा असेल म्हणून तिने त्यावर लांबी, म्हणजे पेंटरचं लुकण, भरली, घासून सपाट केली आणि वरून लाल रंग मारला. ट्रॉली अशी झळकायला लागली की दादा शीळ घालत घेऊन गेला.

त्यानंतर एका सकाळी ती कुणाच्या तरी नांगराचं कोटिंग काढत होती. रिमूव्हरने थर दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि पात्याने अख्खाच्या अख्खा निघून आला. खाली लोखंड लख्ख. एवढी वर्षं चिखलात राबलेला नांगर, पण गंजाचा ठिपका नाही. ती कौतुकाने बघत होती, आणि बघता बघता तिचं पातं थांबलं. थर गंजाला आत शिरू देत नसेल, तर ट्रॉलीवरचं ते तपकिरी पाणी आलं कुठून? वरचा ओरखडा असता तर एकदा पुसल्यावर विषय संपला असता. ते आतून येत होतं. लोखंडच फाटलं होतं.

तिने दादाला फोन लावला. नुसती घंटी. मग वहिनीला.

"आत्ताच निघाले की," वहिनी म्हणाली. "बटाटे भरून. आईही बसल्यात बाजूला, शहरात डोळे दाखवायचेत म्हणून. ट्रॅक्टरवर त्यांना फोन कुठला ऐकू येतोय! का गं?"

"काही नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला. शहराच्या वाटेवर टेकडीचा लांबलचक उतार होता. दांडा तुटला तर भरलेली ट्रॉली मागून ट्रॅक्टरवरच चढणार.

तिने कसंबसं नवऱ्याला सांगितलं. एरवी त्याने थट्टा केली असती. आज हातमोजे फेकून त्याने मोटारसायकल काढली. "बस. घट्ट धर."

वाटेत तिला प्रत्येक लाल गोष्ट ट्रॉलीच वाटत होती. चढ संपला, उतार लागला आणि पुढच्या वळणावर खरीच ट्रॉली दिसली, बटाट्यांच्या पोत्यांनी गच्च भरलेली. वेल्डरने गाडी बाजूने पुढे नेली. ओरडून उपयोग नव्हता, इंजिनाच्या धडधडीत स्वतःचाच आवाज ऐकू येईना. तिने हात खाली दाबून दाबून 'हळू, हळू' अशी खूण केली. दादाने हसून हात हलवला. आईनेही हलवला, पण भलत्याच दिशेला.

"थांबायला सांगू नकोस!" नवरा ओरडला. "उतारावर जोरात ब्रेक मारला तर सगळा भार दांड्यावर येईल!"

मग ते दोघे मोटारसायकलवरून ट्रॅक्टरच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध, मुंगीच्या पावलाने चालले. दादाला गिअर उतरवण्यावाचून इलाज उरला नाही. तो हॉर्नवर हॉर्न मारत होता. ती मागे मान वळवून ट्रॉलीकडे बघत होती, आणि प्रत्येक हिसक्यासरशी तिचा जीव खालीवर होत होता. सपाटी आली तेव्हा नवऱ्याने मोटारसायकल आडवी लावली. दादालाही थांबावं लागलं.

"डोकं फिरलंय का तुमचं?" दादा कडाडला.

ती उतरून थेट दांड्यापाशी जाऊन बसली. तिच्याच लाल रंगावर एक बारीक रेघ उघडली होती.

"रंग तडकलाय," दादा म्हणाला. "तुझंच काम कच्चं."

"दादा, मी त्या रेघेवर लांबी भरली. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

वेल्डरने मोटारसायकलच्या हत्यारपेटीतून पाना काढून रंग खरवडला. लाल रंग, लुकण, त्याखालचं जाड कोटिंग, आणि मग कुणीतरी कधीकाळी घाईत केलेला ओबडधोबड जोड. चीर निम्म्याहून जास्त दांडा खाऊन गेली होती. दादाने बोट लावून पाहिलं, आणि तो मटकन रस्त्याकडेला बसला.

"काय झालं रे?" आईने वरून विचारलं.

"काही नाही आई, चाकात जरा हवा कमी आहे," दादा म्हणाला.

पोती दुसऱ्या ट्रॉलीत गेली, आईचे डोळे दाखवून झाले, दांड्याला नवी जाड पट्टी बसली. त्यानंतर दादाने तिला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्या दिवसापासून एकच गोष्ट तिचं डोकं खाऊ लागली. आजवर वरूनच रंगवलेली यंत्रं कुठे कुठे असतील? आठवतील तशी ती एकेका गिऱ्हाइकाला फोन करू लागली. कुणी हसलं, कुणी "आता नको बाई, कामाचे दिवस आहेत" म्हणालं. ती तरीही रिमूव्हरचा डबा घेऊन दारात जायची. एका म्हाताऱ्याने कुरकुरत आपलं पेरणीयंत्र बाहेर काढून दिलं.

"चांगला रंग होता. तूच दिलेला. आता तूच ओरबाडतेस."

"पुन्हा देते, काका. फक्त जोडापुरतं बघू द्या."

थर फुगायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती उकिडवी बसून राहिली, पातं हातात धरून. मग साय निघाली आणि खालचं लोखंड अखंड, चकचकीत निघालं. तिने त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"झालं समाधान?" म्हाताऱ्याने विचारलं.

"या जोडाचं झालं," ती म्हणाली, आणि सरकत पलीकडच्या जोडापाशी गेली.