डेटा सायन्समधला बिशप

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या मराठी मंडळात दर गणपतीत गुणी मुलांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ आणि माइकवरून पदवीची घोषणा. त्या वर्षी लेकीची पीएचडी संपत आली होती. मंडळातल्या एका काकांचा माहितीसाठी फोन आला, तेव्हा नवऱ्याने बेधडक सांगितलं, "डेटा सायन्स." मी तिथेच कणीक मळत होते. ऐकलं आणि मळत राहिले.

लेकीचा विषय होता मध्ययुगीन इंग्लंडमधला एक बिशप. गरीब घरचा पोरगा. सुंदर अक्षराच्या जोरावर राजाच्या कचेरीत शिरला आणि आपल्याकडच्या चिटणिसासारखी राजाची पत्रं लिहिता लिहिता त्याचा शिक्काच सांभाळू लागला. बक्षीस म्हणून बिशपपद मिळालं, पण दरबारच्या कामातून स्वतःच्या चर्चकडे फिरकायला त्याला सवड नव्हती. राजा बदलला, शिक्का गेला, तेव्हा कुठे म्हातारपणी तिथे पोचला. हे ती फोनवर इतकं रंगवून सांगायची की माझी भाजी करपायची. नवरा म्हणायचा, "मेलेल्या पाद्र्याचं काय लोणचं घालायचंय?" माझं डोकं फिरायचं. या माणसाने जन्मभर गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिलं, त्याचं लोणचं मी कधी मागितलं?

स्टेजवर "डेटा सायन्स" ऐकून लेक थबकली. अंगावर शाल, हातात नारळ. मग माइक घेऊन म्हणाली, "सॉरी काका, चुकीचं अनाउन्स केलंत. माझा रिसर्च एका बिशपवर आहे." लोक हसले. जोक वाटला त्यांना! काका म्हणाले, "अगं, मग जॉबचं काय?" पुन्हा हशा. नवरा मान खाली घालून बसला होता. लाज वाटत होती ती मुलीची, स्वतःच्या थापेची नव्हे.

पार्किंग लॉटमध्ये तिने मला बाजूला घेतलं. "आई, डिड यू नो?"

"नाही गं," मी म्हणाले.

"ओके. मग डिफेन्सला तू एकटीच ये. बाबा नकोत."

गेले. परीक्षकांसमोर तिने तासभर प्रबंध मांडला, एकाही प्रश्नाला अडली नाही. शेवटी आभार मानताना इंग्रजीत म्हणाली, "माझं काम माझ्या आईने कधीच कोणापासून लपवलं नाही." सगळे माझ्याकडे वळले. तिथल्या तिथे उठून खरं सांगायला हवं होतं. मी, भित्री बाई, हात जोडून हसले.