वाकण्याला हरकत घेणारा निवडकर्ता

गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दुपारी लाखनीच्या स्नूकर हॉलात एका पोरीचा हक्क मारला गेला. जिल्ह्याच्या निवडीतले सगळे डाव तिने जिंकले, आणि दोघांच्या संघात तिच्याकडून हरलेली दोन पोरं घेतली.

तिचं नाव कापणारा गृहस्थ मी तेवढ्या दिवशीच पाहिला. खेळायची काठी, क्यू, त्याने हातात धरला नाही. टेबलाच्या कडेची निळी खडूपूड बोटाला लागली की रुमालाने पुसायचा. देशोदेशींच्या संघांचा स्नूकरचा विश्वचषक कसा सुरू झाला, संघात तिघांचे दोघे कसे झाले, हे त्याने आम्हाला तासभर ऐकवलं. इतिहास तोंडपाठ, समोरचा खेळ मात्र दिसेना.

मी कारण विचारलं. म्हणाला, "पोरगी टेबलावर वाकते. चार लोकांत बरं दिसत नाही."

पोरगी तिथेच उभी होती. म्हणाली, "धानाच्या रोवणीत आमी दिवसभर वाकूनच राहतो जी. तवा नाही खटकत कोणाले?"

त्याने चहा मागवला. असल्या माणसाचा कोतेपणा शिस्त म्हणून खपतो, कारण आपण भिंतीला टेकून बघत राहतो. पुढच्या निवडीला हॉलात या, आणि तिचं नाव पुकारल्याशिवाय त्याला खुर्चीवरून उठू देऊ नका.