दिगूची डावी बाजू

दिगू गेल्याचा फोन बँकेत आला तेव्हा मी काउंटरवर होतो. समोर एक बाई ड्राफ्टसाठी उभ्या होत्या. मी त्यांचं काम पुरं केलं, सही घेतली आणि मग उठलो. त्या क्षणी मनात आलेली पहिली भावना दुःखाची नव्हती, हे आज लिहितानाही लाज वाटते. आता ती गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, असं मनात आलं आणि छातीवरचा कुणाचा तरी हात निघाल्यासारखं हलकं वाटलं... संध्याकाळी त्याला पोचवून घरी आलो तेव्हा त्या हलकेपणाचीच मला भीती वाटायला लागली. ती अजून गेलेली नाही. दिगूचा डावा डोळा माझ्यामुळे गेला. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघांनी ते कधीही उच्चारलं नाही.

दिगंबर वनखात्यात जनावरांचा डॉक्टर होता, पण त्याची खरी ओळख अस्वलांचा माणूस अशी होती. पनवेलला येण्याआधी त्याची नोकरी चंद्रपूरकडे झाली. उन्हाळ्यात तिथल्या बाया उजाडायच्या आत मोहाची फुलं वेचायला जातात आणि अस्वलही त्याच फुलांसाठी येतं. "भांडण असं नसतंच रे," तो सांगायचा. "दोघंही मान खाली घालून वेचत असतात. एकदम समोरासमोर येतात आणि दोघंही घाबरतात. फक्त अस्वलाचं घाबरणं फार महाग पडतं." गावागावांत जाऊन तो लोकांना सांगायचा की एकट्याने जाऊ नका, बोलत जा, गाणी म्हणत जा. कुठलं अस्वल हलवायचं आणि कुठलं तसंच राहू द्यायचं, हे तो ठरवायचा. एकदा असाच हल्ला झालेल्या बाईच्या घरी तो गेला होता. त्याबद्दल मी विचारलं तेव्हा त्याने विषय बदलला होता.

मुलांच्या शिक्षणासाठी त्याने पनवेलला बदली मागून घेतली आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या समोरच्या दारात राहायला आला. मी त्याला चिडवायचो, "इथे काय करणार तू? कर्नाळ्याचे पक्षी मोजणार?"

"इथे अस्वल आहे की. एसटी स्टँडवर. नाकात दोर आणि पुढे डमरू वाजवणारा दरवेशी. लायसन बघायचं आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम."

आणि एका पावसाळ्यानंतर जवळच्या नेरे गावाकडून खरंच बोलावणं आलं. एक म्हातारा दरवेशी पावसाच्या सुरुवातीला तिकडे आजारी पडून वारला होता. त्याचं अस्वल सुटून डोंगराच्या बाजूला गेलं, ते पाऊसभर दिसलंच नाही, आणि आता भात कापणीच्या दिवसांत खाली यायला लागलं होतं. गंमत अशी की गावात कुणी घाबरलेलं नव्हतं. तक्रार एका फार्महाऊसवाल्याची होती. दिगूबरोबर मीही स्कूटरवर मागे बसून गेलो. एका घराच्या ओट्यावर भाताचे भारे रचणाऱ्या मावशी आम्हाला हसल्या.

"साहेब, त्ये दरवेश्याचं हाय. माझ्या नातवाच्या हातची भाकर खाल्ली त्यानी. सलाम पन करतंय."

"सलामाला पंजा वर करतं तेव्हा नखं बघितलीत का, मावशी?"

"नखं दरवेशी कापतंय ना त्याची."

"दरवेशी मेला. आता कोण कापतंय?"

"तुमी कापा! सरकारनी त्यासाटीच पाटवलंय ना तुमाला?" आजूबाजूच्या बाया खो खो हसल्या. दिगूही हसला. मग मावशींनी दाखवलेल्या वाटेने आम्ही घरामागे गेलो. तिथे एक वारूळ उकरलेलं होतं. दिगूने वाकून त्या ओरखड्यांत आपली बोटं घातली. ती पेरापर्यंत आत गेली. तिथून घराचं मागचं दार अगदी जवळ होतं, आणि दारात एक लहान मूल बसून काहीतरी खात होतं. दिगू बराच वेळ त्या मुलाकडे बघत राहिला.

"रानातलं अस्वल माणसाचा वास आला की वाट बदलतं," परत येताना तो म्हणाला. "याला माणसाची भीती नाही आणि याची लोकांना भीती नाही. दात दरवेश्याने पाडलेले असणार, पण नखं परत आली आहेत. कुणीतरी प्रेमाने जवळ जाईल, आणि..." त्याला ते अस्वल बेशुद्ध करून प्राणिसंग्रहालयात न्यायचं होतं, आणि तेही कुणाला इजा व्हायच्या आत. त्या दिवसांत त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

माझ्या घरी तेव्हा वेगळीच काळजी होती. मंजू, माझी मुलगी, पाच वर्षांची होती आणि झोपेत किंचाळून उठायची. औषधं झाली, दृष्ट काढून झाली. सासूबाई म्हणाल्या, अस्वलाचा केस ताईतात घालून बांधा, भीती जाते. पूर्वी दरवेशी आला की आया हेच मागायच्या. मी दिगूला हे सांगितलं तेव्हा चहा पिताना त्याला ठसका लागला.

"अरे, तू पदवीधर ना?"

"मी कुठे मानतो? घरात शांतता हवी, एवढंच."

"बरं, बरं. झोपलं की एक कापून देतो. पुतणीसाठी एवढं करायलाच हवं."

शेवटी एका सकाळी, मीही दिगूबरोबर असताना, अस्वल ओढ्याच्या काठाला करवंदीच्या जाळीपाशी सापडलं. दिगूने लांबून औषधाची सुई मारली. थोडं धावून ते आडवं झालं. गावकऱ्यांना मागे थोपवलेलं होतं. दिगूची एक ठरलेली पद्धत होती. लांब काठीने कानाला शिवायचं, थांबायचं आणि पुन्हा शिवायचं. कान हलला की मागे फिरायचं. त्या दिवशी कान हलला नाही. जाळं आणायला माणसं जीपकडे गेली तेव्हा दिगूने मला खुणेने जवळ बोलावलं आणि खिशातून छोटी कात्री काढली. तो अस्वलाच्या मानेवर वाकला. आणि मी म्हणालो, "कापू नको. सासूबाई म्हणाल्यात, मुळासकट लागतो. उपट."

त्याने माझ्याकडे बघितलं. तो क्षण मला अजून दिसतो. तो नाही म्हणू शकला असता. त्याने कात्री खिशात ठेवली, बोटांना केस गुंडाळले आणि हिसका दिला.

पंजा कधी वर आला, मला दिसलंच नाही. अस्वल अर्धवट शुद्धीत उठलं, धडपडत ओढ्यात उतरलं, आणि ज्या लोकांनी त्याला भाकऱ्या घातल्या होत्या त्यांनीच काठ्यांनी आणि दगडांनी त्याला तिथे संपवलं. दिगूला ते ओरडणं ऐकू येत होतं. चेहऱ्यावर रुमाल दाबून तो म्हणत होता, "मारू नका... त्याला मारू नका, चूक माझी आहे." जीपमध्ये त्याने उजवी मूठ माझ्यासमोर उघडली. तळहातावर तीन-चार काळे केस होते. मी ते घेतले. रक्त पुसून, कागदात बांधून घरी आणले आणि सासूबाईंच्या हातात दिले.

खात्याच्या चौकशीत त्याने सांगितलं, श्वास बघायला वाकलो, अंदाज चुकला. मला विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. त्याचं रानातलं काम बंद झालं. उरलेली वर्षं तो ऑफिसात लाकडाचे परवाने देत राहिला. त्याच्याकडे आता अस्वलाबद्दल कुणी विचारायला येत नसे.

परवा मी दिगूच्या बायकोला, शालूवहिनींना, सगळं सांगितलं. हा लेख छापायला देण्याआधी ते त्यांच्या कानावर घालणं भाग होतं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंजू झोपायला लागली का हो तेव्हा?"

"हो."

"लगेच?"

"लगेच."

त्यांनी मान डोलावली. दिगूची वेताची खुर्ची अजून खिडकीपाशीच आहे. त्या घरात सगळं त्या खुर्चीच्या उजव्या हाताला असतं. टीपॉय, रेडिओ, पाहुण्यांची खुर्ची, त्याला दिसावं म्हणून. मी मात्र इतकी वर्षं रोज संध्याकाळी त्याच्या डावीकडे, दिवाणावर बसत आलो. परवाही तिथेच बसलो होतो. वहिनींनी चहा आणला आणि उजवीकडच्या टीपॉयवर ठेवला.

"तुम्ही मुद्दाम तिकडे बसता, हे त्यांना कळायचं, भाऊजी."

"काही म्हणायचा का?"

"म्हणायचे, बसू दे, त्याला तिथे बरं वाटतं." त्यांनी कपाखाली बशी सारखी केली. "मला हे तेव्हा माहीत असतं, तर मी नसतं बसू दिलं."

मी उठलो आणि उजवीकडच्या खुर्चीत जाऊन बसलो.