बुचांचा क्लच

शहाडच्या नाथा भोईरकडे मोटारसायकल आली तेव्हा गावात सायकलीसुद्धा मोजक्याच होत्या. लढाईच्या काळात तो कल्याणच्या छावणीत मिलिटरीच्या गाड्या धुवायला होता. धुता धुता नट खोलायला शिकला, मग इंजिन उतरवायला. लढाई संपली, छावणी रिकामी झाली आणि मोडक्या सामानाच्या लिलावात ही हिरवी गाडी बाजूला जोडलेल्या बसायच्या डब्यासकट त्याच्या वाट्याला आली. टायर फाटलेले, दिवा नाही, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. वर्षभर खपून त्याने ती चालती केली.

चालती तर झाली, पण तिचं करायचं काय हे मालनबाई भेटेपर्यंत त्याला सुचलं नव्हतं. मालनबाई साताऱ्याकडच्या. नवरा लवकर गेला, मग त्या नर्सिंग शिकून कल्याणच्या सरकारी दवाखान्यात लागल्या. आसपासच्या खेड्यांतली बाळंतपणं त्यांच्याकडे असत. बैलगाडी मिळाली तर बैलगाडीने जायचं, नाहीतर पायी. एका दुपारी जड बॅग या हातातून त्या हातात घेत त्या भर उन्हात जवळजवळ धावत चाललेल्या नाथाला दिसल्या. त्याने गाडी थांबवली. "बसा बाई, डब्यात बसा. कुठं जायचंय ते सांगा."

त्या दिवसापासून खेड्यातून बोलावणं आलं की दवाखान्याचा शिपाई आधी शहाडला नाथाकडे येई. गावात कुजबूज झाली तेव्हा नाथाची बायको आवडाबाई पहिला महिनाभर मागच्या सीटवर बसून प्रत्येक फेरीला गेली. महिन्याभराने म्हणाली, "आता जा तुमी एकले. लोकांची बोलायची हौस फिटली." लग्नाआधी कळव्याच्या मिठागरात काम केलेली बाई ती. बोलणं थोडं, पण बोलली की त्यावर कुणी उलटून बोलत नसे.

अशी चार वर्षं गेली. त्रेपन्न सालच्या फाल्गुनात गाडीचा क्लच सुटायला लागला. इंजिन जोरात ओरडायचं, पण गाडी ओढ घ्यायची नाही. चढावर तर माणूस चालत पुढे जाईल अशी गत. या गाडीच्या क्लचमध्ये लोखंडाच्या गोल प्लेटी असतात आणि त्यांच्या भोकांत बुचाचे तुकडे बसवलेले असतात. ते बूच शेजारच्या प्लेटीला पकडून धरतं, म्हणून इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतो. नाथाच्या प्लेटींतलं बूच झिजून लोखंडाच्या बरोबरीला आलं होतं. ठाण्याच्या दुकानात नव्या प्लेटी मिळेनात. मुंबईहून मागवू, दोन-तीन महिने लागतील, असं दुकानदार म्हणाला. नाथाने घरी येऊन क्लचच्या स्प्रिंगा थोड्या आवळल्या. गाडी दोन दिवस बरी चालली, पुन्हा सुटायला लागली. त्याने पुन्हा आवळल्या. मालनबाईंना तो काही बोलला नाही. गाडी बंद ठेवतो, म्हणायला त्याची जीभ रेटेना.

पंधरा दिवसांनी आंबिवलीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून बोलावणं आलं. भिवा नावाच्या शेतकऱ्याची बायको लक्ष्मी पहाटेपासून अडली होती. पहिलंच बाळंतपण. नाथाने मालनबाईंना डब्यात बसवलं आणि निघाला. नदी ओलांडून पुढच्या लांब चढाला लागले तेव्हा जळका वास आला. इंजिन गरजत राहिलं आणि गाडी जागच्या जागी थांबली.

"काय झालं, नाथाभाऊ?"

"क्लच गेला, बाई."

पाडा अजून दीड मैल होता. नाथाने बॅग डोक्यावर घेतली आणि दोघं निघाले. मालनबाई पन्नाशीला आलेल्या. मध्ये दोनदा त्यांना दम खायला थांबावं लागलं. पोचले तेव्हा घरातून रडण्याचा आवाज येत होता, पण बाळाचा नाही. मुलगा जन्मला होता, त्याने श्वास घेतलाच नव्हता. मालनबाईंनी त्याला तोंडाने श्वास दिला, पाठ चोळली. उपयोग झाला नाही. लक्ष्मीचं रक्त थांबत नव्हतं. तास-दीड तास त्या तिच्यासाठी झुंजल्या आणि तिला त्यांनी वाचवलं. बाहेर आल्या तेव्हा ओसरीच्या पायरीवर नाथा तसाच बसलेला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं आणि हात धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवा स्वतः बैलजोडी घेऊन आला. चढावर पडलेली गाडी त्याने बैलांना बांधली आणि शहाडपर्यंत ओढून नाथाच्या अंगणात आणून सोडली. आदल्या दिवशी याच माणसाने आपलं पोर पुरलं होतं. "बाईला तू घेऊन आलास म्हून माजी बायको वाचली," एवढं बोलून तो पाणी प्यायला आणि बैल घेऊन परत गेला.

नाथाने गाडीवर गोणपाट टाकलं. महिनाभर तिला हात लावला नाही. पहाटे उठून दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर मातीकामाला जायचा, संध्याकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. मालनबाई पुन्हा पायी हिंडू लागल्या. गाडी अजून का बंद आहे असं त्यांनी एकदाच निरोपाने विचारलं, तर नाथाने "सामान नाय मिळत" असं कळवलं.

शेवटी एका रविवारी जेवताना आवडाबाईने विषय काढला. "सामान नाय मिळत, का तुमाला गारी नीट करायचीच नाय?"

नाथाने घास खाली ठेवला. "मना ठावं व्हतं, आवडे. पंधरा दिस आधी ठावं व्हतं क्लच जातोय. बाईंना बोललो नाय. बोललो असतो तर त्या माज्या भरवशावर ऱ्हायल्या नसत्या, बोलावणं येताच बैलगारीनं निघाल्या असत्या."

आवडाबाईने त्याचं ताट परत त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "मग ह्ये ज्याला सांगायचं त्याला सांगा. भिंतीला सांगून काय व्हतंय? आन त्या पायी हिंडतात त्याचं काय? उद्या दुसऱ्या कुनाचं पोर जाईल."

त्याच दिवशी ती कल्याणला जाऊन मालनबाईंना भेटली. नवऱ्याने काय लपवलं ते काही तिने सांगितलं नाही, ते त्याचं त्यानेच सांगायचं होतं. तिने एवढंच विचारलं, "बाई, गारीला बुचं लागतात. दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांना बुचं असतात ना, तसली."

दोन दिवसांनी मालनबाई स्वतः पिशवी घेऊन अंगणात आल्या. आत साठ-सत्तर बुचं होती, धुऊन वाळवलेली. "कंपाउंडरने वर्षभरात बाजूला काढलेली आहेत, फेकायची म्हणून. चालतील का बघा."

नाथाने पिशवी पायरीवर ठेवली. मग त्याने बाईंना सगळं सांगितलं. स्प्रिंगा आवळल्या ते, ठाण्याच्या दुकानाचं, गप्प राहिलो ते. मालनबाई खाटेवर बसून ऐकत होत्या.

"नाळ गळ्याभोवती होती," त्या म्हणाल्या. "वेळेवर पोचले असते तरी वाचला असता की नाही, मी सांगू शकत नाही. वाचला असता असंही म्हणत नाही, नसता असंही नाही. तुम्ही मला सांगायला हवं होतं, नाथाभाऊ. यापुढे सांगा." आणि जरा वेळाने, "आता हे बसवायचं कसं ते दाखवा."

नाथाने गोणपाट काढलं. डाव्या बाजूचं झाकण खोललं, खालचं काळं तेल परातीत गळू दिलं. क्लचच्या स्प्रिंगा एकेक करून सोडवल्या आणि प्लेटी बाहेर काढून पायरीवर मांडल्या. तीन प्लेटी, एकेकीला अठरा भोकं. जुनं बूच जळून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. ते त्याने टोकदार खिळ्याने उकरून काढलं. आवडाबाईने चुलीवर पाणी उकळून नवी बुचं त्यात टाकली. उकळली की बुचं मऊ पडतात, दाबली की भोकात जातात आणि सुकताना घट्ट बसतात. नाथाच्या जाड बोटांत ती नीट धरली जात नव्हती. पाच-सहा तिरपी बसल्यावर आवडाबाईने प्लेट त्याच्या हातातून घेतली आणि अंगठ्याने दाबून एकेक सरळ बसवत गेली. मालनबाई बाहेर आलेला भाग पात्याने कापत होत्या, टाके कापावेत तसा, न घाई करता. बुचाचा भुसा तिघांच्या कपड्यांवर पडला.

मग सगळ्यांत वेळखाऊ काम. चोपन्न तुकडे एका पातळीत यायला हवेत, एक जरी उंच राहिला तरी क्लच अडकतो. नाथाने फरशीवर पॉलिश पेपर पसरला आणि प्लेट त्यावर गोल गोल घासू लागला. मध्येच उचलून डोळ्यासमोर आडवी धरायचा, पुन्हा घासायचा. प्लेटी रात्रभर तेलात भिजत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने त्या परत चढवल्या, सगळ्या स्प्रिंगा सारख्या आवळल्या, हँडलकडच्या तारेला बोटभर ढील ठेवली. किक मारली, क्लच दाबून गियर टाकला आणि हळू सोडला. गाडी धक्का न देता पुढे सरकली.

आवडाबाई दारातून बघत होती. "जा," ती म्हणाली. "आधी तिकडंच जा."

तो एकटाच पाड्यावर गेला. भिवा गोठ्यात होता. नाथाने गाडी लांब उभी केली आणि चालत जाऊन, मान खाली घालून सगळं सांगितलं. भिवाने हातातली वैरण खाली टाकली. "मी तुजी गारी वढून आनली," तो म्हणाला. "तवा का नाय बोललास?"

"हिम्मत नाय झाली."

"जा आता. मना तुजं तोंड बगवत नाय."

नाथा वळला. दारात लक्ष्मी उभी होती, वाळून काठी झालेली. तिने सगळं ऐकलं होतं. "बाईंना सांगा, मी बरी हाय," एवढंच ती म्हणाली.

नाथा परत बाईंना घेऊन हिंडू लागला. दर महिन्याला तो क्लच उघडून बघायचा आणि काही कमी-जास्त दिसलं की बाईंना आधी सांगायचा. दोनदा त्याने स्वतःहून "आज बैलगाडीने जा" असं सांगून गाडी घरी ठेवली. भिवाच्या पाड्याकडून दीड वर्ष बोलावणं आलं नाही. रस्त्यात दिसला तर भिवा दुसरीकडे बघायचा.

चौपन्नच्या दिवाळीनंतर एके दिवशी भिवा शहाडला आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "नववा भरत आलाय तिला. बाई बोलल्या, ह्या खेपेला दवाखान्यातच आना. बैलगारीत हादरे बसतात."

"कदी नेऊ?" नाथाने विचारलं.

"आज."

लक्ष्मी डब्यात बसली, मांडीवर गोधडीचं गाठोडं. भिवा मागच्या सीटवर. नाथाने सबंध रस्ता हळूहळू, दुसऱ्या गियरवर काढला. आठवड्याने दवाखान्यात मुलगी झाली, चांगली धट्टीकट्टी. मालनबाई सांगायला बाहेर आल्या तेव्हा दोघं पुरुष व्हरांड्याच्या दोन टोकांना बसलेले होते. ऐकून भिवा उठला, नळावर जाऊन तोंड धुतलं. मग येऊन नाथाच्या शेजारी बसला. खिशातून बिड्या काढल्या, एक स्वतःला ठेवली, एक त्याच्यापुढे धरली.