मऊ डोळ्यांचा साहेब

त्र्यंबक शिंदे एकतीस वर्षं माणदेशातल्या एका तालुक्याच्या कोर्टात शिपाई होता. पुकारा करायचा, साहेबांना चहा द्यायचा, आणि निकालाच्या दिवशी चहा देता देता त्यांचं तोंड वाचायचं. मग व्हरांड्यात येऊन बसलेल्यांच्या कानात सांगायचं, "गूळ आणून ठेवा. साहेब आज नरम हाय." दहातनं आठ वेळा खरं निघायचं. उरलेल्या दोन वेळा त्र्यंबक मागच्या दारानं घरी जायचा.

दोन हजार सहाच्या आश्विनात तो अमेरिकेत, ट्रॉयला, लेकाच्या घरी होता. लेक यतीन गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर. मागच्या हिवाळ्यात ऑफिसच्या पार्टीतनं पिऊन गाडी हाकत आला, आणि कुत्रं फिरवायला निघालेला एक म्हातारा त्याच्या चाकाखाली मेला. यतीननं गुन्हा कबूल केला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिक्षा सुनावणार होते. घरी सोडायचं का आत घालायचं, सगळं जजबाईंच्या हातात, असं वकील म्हणाला.

त्यातच शेजाऱ्यांनी दारात जुनं सामान विकायला मांडलं होतं, त्या गराज सेलमधनं त्र्यंबकनं एक तसबीर घरी आणली. लांब कुरळ्या केसांचा टोप घातलेला इंग्रज जज. तोंड देखणं, डोळे मऊ. त्र्यंबकच्या कोर्टातही असाच एक साहेब भिंतीवर होता, खंडेनवमीला कोर्टाच्या शिक्क्याबरोबर त्यालाही हार पडायचा.

"अण्णा, हा कुणाचा फोटो?" सून शुभानं विचारलं.

"साहेब हाय. डोळं बघ की! असला माणूस लेकुरवाळ्याला आत घालायचा न्हाई. तू पेढं करून ठेव."

खंडेनवमीला त्यानं कुंडीतल्या झेंडूचा हार करून तसबिरीला घातला, गंध लावलं. असल्या गोष्टींना हसणारा यतीनही येता-जाता दोन्ही हात जोडून गेला. शुभानं दूध आटवायला ठेवलं.

दुपारी अकरा वर्षांच्या निधीनं त्याला कॉम्प्युटरपुढं बसवलं. "आजोबा, फोटोखाली नाव आहे. जेफ्रीज. मी गूगल केलं."

"मोठा माणूस असंल."

"नो, आजोबा. ह्यानं लोक हँग केले! शेकडो लोकांना फाशी सांगितली. एक बंड झालं होतं, त्याच्यानंतर. हँगिंग जज म्हणायचे त्याला."

तिनं एकामागनं एक चार चित्रं दाखवली. कुठं तरणा, कुठं भारी झग्यातला. चारीत तेच देखणं तोंड, तेच डोळे. त्र्यंबकनं चष्मा पुसून परत बघितलं. कुठंच फाशीचं काही दिसत नव्हतं.

त्याला एक बाई आठवली. त्याच्या शब्दावर तिनं व्हरांड्यात गूळ वाटायला काढला होता, आणि नवऱ्याला जन्मठेप झाली. त्या दिवशी तो मागच्या दारानं गेला होता. तिनं त्या गुळाचं काय केलं असेल, हे एवढ्या वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आईला सांगू नगंस," तो निधीला म्हणाला. स्वयंपाकघरातनं वेलदोड्याचा वास येत होता. सांगायला म्हणून तो दोनदा उठला, दोनदा बसला.

कोर्टात जजबाई आल्या. पांढरे केस, बालवाडीच्या बाईंसारखं हसरं तोंड. आत बसवेना म्हणून शुभा बाहेरच थांबली होती. यतीन मागं वाकला.

"अण्णा, तोंड काय म्हणतंय?"

त्र्यंबकनं चष्मा काढून खिशात ठेवला. यतीननं ते बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं बापाच्या हातात दिलं.

जजबाईंनी यतीनला 'सर' म्हटलं, मेलेल्या म्हाताऱ्याच्या लेकीचं पत्र हळू आवाजात वाचलं, आणि तेवढ्याच हळू आवाजात कमीत कमी तीन वर्षं सांगितली.

त्या कोर्टालाही मागचं दार होतं. त्यातनं दोन पोलीस यतीनला घेऊन गेले. त्र्यंबकला पुढच्या दारानं जायचं होतं. बाहेर शुभा स्टीलचा डबा दोन्ही हातांत धरून उभी होती, आणि दार उघडताच तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.